मागच्या चाकाची कॅसेट

नाशिक शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवर वसलेले आहे. मुंबईहून येणारा रस्ता कसारा घाट चढून इगतपुरीमार्गे या शहरास येऊन मिळतो. अशा चढउतारांच्या मुलखात सायकलस्वारीची आवड चांगलीच रुजली आहे. 2015 साली डॉ. हितेंद्र महाजन व डॉ. महेंद्र महाजन या नाशिकच्या बंधूंनी 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सुमारे 4,800 किलोमीटरची शर्यत जोडीने पुरी केली. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतचे हे अंतर त्यांनी नऊ दिवसांच्या आत कापले. पुढे 2017 साली नाशिक येथील लष्करी डॉक्टर लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ यांनी हीच शर्यत एकट्याने पूर्ण केली. असे करणारे ते पहिले भारतीय होत.

अशा पराक्रमासाठी अंगी बळ व मनी निर्धार हवा, हे खरेच. परंतु पायांचे बळ रस्त्यापर्यंत पोहोचवण्याचे काम यंत्राचे असते. हे काम करणारा एक महत्त्वाचा भाग सायकलच्या मागच्या चाकावर असतो. त्यास 'कॅसेट' असे म्हणतात.

साध्या सायकलच्या मागच्या चाकाला एकच दातेरी चकती असते. गिअरच्या सायकलला मात्र लहानमोठ्या अनेक चकत्यांचा संच बसवलेला असतो. हाच संच म्हणजे कॅसेट. पुढील चकतीस 34 दाते असतील आणि साखळी मागे 34 दात्यांच्या चकतीवर असेल, तर पायंडल एकदा फिरवल्याने चाकही एकदाच फिरते व सायकल सुमारे 2.1 मीटर पुढे जाते. हा गिअर चढणीसाठी उपयोगी पडतो. पुढे 50 आणि मागे 11 दाते असतील, तर तेवढ्याच फेरीत सायकल सुमारे साडेनऊ मीटर धावते. सपाट रस्त्यावर हा गिअर कामी येतो.

मागचे चाक बदलावे लागले, की नव्या चाकावर कॅसेट बसवावी लागते. चाकाच्या तुंब्याच्या उजव्या अंगास एक नळकांडे असते. त्यास 'फ्रीहब' म्हणतात. त्याच्या आतील खटक्यांमुळे पायंडल पुढे मारल्यावर चाक ओढले जाते. पाय थांबवले, तरी चाक मोकळेपणाने फिरत राहते. फ्रीहबच्या बाहेरील अंगावर उभे कंगोरे व खाचा असतात. फ्रीहब अनेक प्रकारचे असल्यामुळे कॅसेट त्याच प्रकारची आहे ना, हे आरंभीच पाहावे लागते.

केवळ प्रकार जुळला म्हणजे काम भागले, असेही नाही. शिमानो या जपानी कंपनीच्या रस्त्यावरील सायकलींचा 11 चकत्यांसाठी केलेला फ्रीहब किंचित लांब असतो. त्यावर 10 चकत्यांची कॅसेट बसवायची झाल्यास आधी 1.85 मिलिमीटर जाडीचे कडे घालावे लागते. ते विसरले, तर कितीही आवळूनही कॅसेट सैलच राहते.

ही पूर्वतयारी झाल्यावर फ्रीहब स्वच्छ पुसून त्यास वंगणाचा अगदी पातळ हात द्यावा. सर्वांत मोठी चकती आतल्या बाजूस, म्हणजे तारांजवळ, आणि सर्वांत लहान चकती बाहेर यावी. दात्यांची संख्या कोरलेली बाजू बाहेरच्या दिशेने ठेवावी. फ्रीहबच्या खाचांपैकी एक खाच इतरांहून वेगळ्या रुंदीची असते. चकतीवरील तसाच दाता त्या खाचेसमोर आणला, की चकती अलगद आत सरकते. दाते न जुळता ती आत जात नाही; अशा वेळी हातोडी मारू नये, चकती फिरवून योग्य जागा शोधावी. सुट्या चकत्यांमधील कडी आपापल्या क्रमाने घालावीत. एखादे कडे राहिले, तर पुढील सर्व चकत्यांची जागा चुकते.

शेवटी बाहेरून आट्यांचे कडे बसवतात. ते प्रथम हातानेच फिरवावे, म्हणजे आटे चुकून तिरपे बसत नाहीत. त्यानंतर खास पान्याने ते आवळावे. यासाठी साधारणपणे 40 न्यूटन-मीटर जोर सांगितलेला असतो. 20 सेंटीमीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाशी सुमारे 20 किलोग्रॅम वजन टांगल्यावर जेवढा जोर पडेल, तेवढा हा असतो. कडे आवळताना त्याच्या खाचांमधून करकर असा आवाज येतो. तो दोषाचा नव्हे.

येथे एक गंमत ध्यानात घेण्याजोगी आहे. कडे आवळताना कॅसेट ज्या दिशेने ओढली जाते, त्याच दिशेने ती पायंडल मारतानाही फिरते. त्यामुळे आतील खटके अडकतात आणि चाक हाताने धरले तरी पुरते. कडे सोडवताना मात्र कॅसेट उलटी फिरू लागते व खटके मोकळे होतात. म्हणून त्या वेळी साखळीचा तुकडा जोडलेल्या दांड्याने चकती धरून ठेवावी लागते.

कॅसेट बसल्यावर ती हाताने हलवून पाहावी. ती खडखडता कामा नये. चाक सायकलला लावल्यानंतर ते उचलून धरून साखळी एकेका चकतीवर नेऊन पाहावी. साखळी इकडून तिकडे सरकवणाऱ्या यंत्रणेस 'डिरेलर' म्हणतात. नव्या चाकावर कॅसेटची जागा तसूभरही बदलली असेल, तर डिरेलर साखळीला सर्वांत मोठ्या चकतीच्या पलीकडे ढकलू शकतो. साखळी तारांत अडकली, तर तारा तुटतात, चाक एकाएकी अडते आणि स्वार पडतो. ही मर्यादा ठरवणारा स्क्रू डिरेलरवरच असतो. तो नीट लावून घ्यावा.

असा दोष अंगणातील एका फेरीत बहुधा दिसत नाही. घाटाच्या चढणीवर स्वार साखळी मोठ्या चकतीवर नेतो आणि सारा भार पायांवर घेतो, तेव्हा तो प्रकट होतो. म्हणूनच जाणता कारागीर काम आटोपल्यावर हत्यारे लगेच आवरत नाही. तो चाक पुन्हा फिरवतो, साखळीचा आवाज कान देऊन ऐकतो आणि मगच सायकल तिच्या मालकाच्या हाती देतो.