हे कोठून घेतले?

आजचे व्याख्यान ज्यांच्या स्मरणार्थ आहे, ते आमचे गुरुजी इतिहासाच्या उत्तराखाली लाल शाईने लिहीत : ‘हे कोठून घेतले?’ निवृत्तीनंतर एका इंग्रज स्नेह्याची वंशावळ संगणकावर उतरवून देताना तोच प्रश्न माझ्यापुढे पुन्हा उभा राहिला.

एका मुलाचा बाप्तिस्मा एप्रिल १७२३ मधला, दफन मात्र फेब्रुवारी १७२३ मधले. ‘मृत्यू जन्माआधी’, असा इशारा संगणकाने दिला. दफन त्याच नावाच्या थोरल्या भावाचे असावे, असे समजून मी ते वगळणारच होतो. परंतु इंग्लंडमध्ये १७५१ पर्यंत कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. म्हणजे तो फेब्रुवारी आपल्या गणनेने १७२४ चा. मूल दहा महिन्यांतच गेले होते. मी नोंद वगळली असती, तर त्याच नावाच्या एखाद्या परक्या गृहस्थाची संतती या घराण्याला चिकटली असती! अशी तारीख ‘१७२३/२४’ अशी लिहावी.

दुसरी अडचण जनगणनेची. १८६१ च्या नोंदीचा पत्ता ‘आर. जी. ९’ ही मालिका, त्यातील दप्तराचा क्रमांक, पानावरचा फोलिओ आणि पृष्ठ अशा चार अंगांचा असतो. गणकाच्या प्रत्येक वहीत पृष्ठे पुन्हा एकपासून सुरू होतात. म्हणून नुसते पृष्ठ निरुपयोगी. संगणकात मात्र ‘पृष्ठ’ एवढाच एक रकाना! १९११ साठी तर फोलिओऐवजी कुटुंबपत्रकाचा क्रमांक द्यावा लागतो.

तिसरी अडचण जन्मसूचीची. १८३७ पासूनच्या या सूचीतील तिमाही नोंदणीची असते, जन्माची नव्हे; डिसेंबरातील जन्म पुढील मार्च तिमाहीत सापडू शकतो. सूची म्हणजे दाखला नव्हे.

मुंबई इलाख्यातील ख्रिस्ती बाप्तिस्मे, विवाह व दफने यांच्या ब्रिटिश लायब्ररीतील ‘एन/३’ या नोंदीही लंडनला पाठविलेल्या नकला आहेत. त्या पाहून मूळ वही पाहिली, असे म्हणता येत नाही.

यावर मी एक साधा नियम पाळतो. संपूर्ण संदर्भ एका ओळीत, मुक्त मजकुराच्या रकान्यात लिहावा. मूळ शब्द जसेच्या तसे उतरावेत. आणि आपण सूची पाहिली, नक्कल पाहिली की मूळ, हे प्रामाणिकपणे नमूद करावे. रकाने संगणकाबरोबर बदलतील. गुरुजींच्या लाल शाईतील प्रश्नाला मात्र उत्तर द्यावेच लागेल.