स्वयंपाकघरातला उजेड

जुन्नर, मंचर, घोडेगाव येथील आपली जुनी घरे बहुधा पुढे दुकान, मागे बिऱ्हाड अशा बांधणीची. स्वयंपाकघर अंधाऱ्या बाजूला. धान्य निवडणे असो वा सूर्यास्तापूर्वीचे भोजन, तेथे उजेड हवाच. त्यासाठी सागवानी कपाटे मोडण्याचे कारण नाही. फिकट रंगानेही खोली उजळते.

मात्र जुना तैलरंग कोरडा घासू नये. घरगुती रंगातील शिशाचे प्रमाण दशलक्षात ९० भागांपुरते मर्यादित करणारा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसे असू शकते आणि त्याची धूळ बालकांच्या मेंदूस घातक ठरते. म्हणून मुले व धान्याचे डबे आधी दुसऱ्या खोलीत न्यावेत, पृष्ठभाग ओला करून पॉलिश पेपर फिरवावा, राळ ओल्या फडक्याने टिपून घ्यावी. मग प्रायमर आणि रंगाचे दोन पातळ हात.

हे सारे चातुर्मासापूर्वीच उरकावे. पावसाळी दमट हवेत रंग लवकर सुकत नाही आणि ओल्या रंगाला चिकटून किडे मरतात.

खिडकीला जाड पडदा तरी कशाला? खालच्या अर्ध्या भागापुरते पांढरे सुती कापड पुरे, तेही शेगडीपासून दूर. वरची काच मोकळी राहिली की उजेड थेट ओट्यावर उतरतो.