टाटा, केईएम, वाडिया : परळच्या गेटपर्यंत

सकाळी दादर स्टेशनात उतरणाऱ्या गर्दीतला पेशंट हातातल्या पिशवीवरून ओळखू येतो. कपड्यांची बॅग सोबतच्याच्या खांद्यावर असते. एक्स-रेचं मोठं पाकीट, गावच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणि रिपोर्टांची फाईल मात्र तो स्वतः छातीशी धरून असतो. देवगिरी मराठवाड्यातून, तुतारी सावंतवाडीकडून आणि विदर्भ एक्सप्रेस थेट गोंदियापासून अशी माणसं आणून सोडते. स्टेशनबाहेर आल्यावर ती आधी रिक्षा शोधतात. मुंबई बेटावर रिक्षाला परवानगीच नाही, शीव आणि वांद्र्यापाशी तिची हद्द संपते, हे लातूरच्या माणसाला कुणी सांगितलेलं नसतं. मग "काका, टाटाला ना? या बसा," अशी टॅक्सीवाल्याची हाक येते आणि बसण्याआधी भाडं विचारावं की मीटरवर विश्वास ठेवावा, याचा खल नवराबायकोत रस्त्यावरच सुरू होतो.

टाटा म्हणजे परळचं कर्करोगाचं रुग्णालय. "टाटा ना?" हा प्रश्न टॅक्सीवाला चेहरा बघून विचारतो आणि बहुतेक वेळा बरोबर ठरतो. मला या बिनचूकपणाचा दर वेळी थोडा रागच येतो.

परळमध्ये एवढी रुग्णालयं एकाच जागी कशी आली, याचं उत्तर गिरण्यांत आहे. गिरणगावात लाखो कामगार चाळींमधून दाटीवाटीनं राहत होते आणि मोठी इस्पितळं मात्र दक्षिणेला भायखळ्याकडे होती. १९२६मध्ये महापालिकेचं केईएम आणि त्याला जोडलेलं सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. देणगीदारांची अट होती की इथे शिकवणारे डॉक्टर भारतीयच असावेत. त्याच वर्षी कामगार स्त्रियांसाठी नवरोसजी वाडिया प्रसूतिगृह आलं, १९२९मध्ये मुलांचं बाई जेरबाई वाडिया रुग्णालय आलं आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल उघडलं. जनावरांचं बाई साकरबाई दिनशा पेटिट इस्पितळही याच परळात आहे, त्यामुळे आजारी बैलाचा मालक आणि आजारी बाळाची आई एकाच टॅक्सीवाल्याला रस्ता विचारू शकतात.

म्हणजे ही रुग्णालयं पायी येणाऱ्या पेशंटसाठी बांधली गेली. लालबाग, शिवडी, नायगाव, भोईवाडा इथल्या चाळींतून माणूस चालत यायचा. फारच आजारी असला तर चार जण उचलून आणायचे. आता गिरण्या गेल्या, त्यांच्या जागी टॉवर आले, आणि पेशंट रात्रभर प्रवास करून येऊ लागला. केईएममध्ये सुमारे १८०० खाटा आहेत आणि बाह्यरुग्ण विभागात वर्षाला लाखो माणसं येतात. टाटामध्ये तर आसाम-बंगालपासूनचे लोक भेटतात. पण स्टेशनपासून गेटपर्यंतचा रस्ता अजून चाळीतल्या माणसाचाच राहिला आहे. रुग्णालयं वाढली, त्यांच्यापर्यंत नेणारं काहीच त्या मानानं वाढलं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

नकाशावर पाहिलं तर सोय उत्तम दिसते. मध्य रेल्वेचं परळ आणि पश्चिम रेल्वेचं प्रभादेवी ही स्टेशनं एकमेकांना चिकटून आहेत आणि तिथून रुग्णालयं साधारण किलोमीटरभरावर. मधला दुवा म्हणजे पूल. प्रभादेवीचं नाव एल्फिन्स्टन रोड होतं तेव्हा, २९ सप्टेंबर २०१७ रोजी, पावसाच्या गर्दीत अरुंद पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जण गेले. त्यानंतर लष्करानं नवा पादचारी पूल उभारून दिला. शेजारचा वाहनांचा एल्फिन्स्टन पूल शंभराहून अधिक वर्षांचा होता. शिवडी-वरळी उन्नत मार्गासाठी सप्टेंबर २०२५मध्ये तो पाडण्याकरिता बंद झाला. वरळी-प्रभादेवीकडून केईएमला येणारी गाडी आता दादरच्या टिळक पुलाला किंवा करी रोडच्या पुलाला वळसा घालते. ही चर्चा सगळी वाहतूककोंडीच्या भाषेत झाली: किती गाड्या, किती मिनिटं. त्या पुलावरून जाणाऱ्या कितीतरी गाड्यांत मागच्या सीटवर आडवं झालेलं माणूस असायचं, हे त्या हिशेबात कुठे बसणार?

लोकलनं येणाऱ्यासाठी दिव्यांगांचा डबा आहे. त्यात कर्करोगाच्या पेशंटला आणि गरोदर बाईला बसता येतं. मात्र सकाळी आठला ठाण्याहून त्या डब्यात चढायचं तर तब्येत धट्टीकट्टी लागते, कारण धडधाकट प्रवासीही त्यात घुसलेले असतात. लांब पल्ल्याच्या गाड्यांत कर्करोगाच्या पेशंटला उपचारासाठी स्लीपर आणि थ्री-एसीचं भाडं माफ आहे आणि सोबतच्याला ७५ टक्के सवलत मिळते. रुग्णालयाचा दाखला मात्र हवा. पहिल्या खेपेला दाखला नसतो, म्हणून पहिली खेप पूर्ण पैशांची. एसटीत ७५ वर्षांवरच्यांना प्रवास फुकट आणि बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे सोबतीला मुलाऐवजी सून येते. घरच्या या हिशेबात मायेइतकाच तिकिटाचा वाटा असतो.

पावसाळ्यात वाटेतला हिंदमाता चौक तुंबला की सगळं गणित कोलमडतं. महापालिकेनं तिथे पाणी साठवायला जमिनीखाली टाक्या बांधल्या, त्यानं फरक पडला, पण जोराच्या सरीला टॅक्सीवाला अजूनही "पुढे नाही जाणार" म्हणतो आणि पेशंट गुडघाभर पाण्यात उतरतो.

गेटमध्ये शिरल्यावर वेगळा प्रवास सुरू होतो. केस पेपर कुठे निघतो, नंबर कुठे लावायचा, रक्त कुठे द्यायचं, हे पाट्यांपेक्षा माणसंच सांगतात. झाडूवाल्या मावशी, लिफ्टजवळचे मामा, बाकावर तिसऱ्या आठवड्यापासून बसलेला एखादा नातेवाईक. "ताई, आधी खिडकीवर जा, मग वर जा, थेट वर गेलात तर परत पाठवतील." हे वाक्य कुठेही लिहिलेलं नाही, पण त्यानं पेशंटचा अर्धा दिवस वाचतो. भेटायला येणाऱ्याची अडचण निराळी. भेटीची वेळ पाळायची, पास एकच, आणि डबा घेऊन तिघं आलेले. मग एक जण वर जातो, उरलेले दोघं फुटपाथवर उभे राहतात, आणि खाली येणाऱ्याला पहिला प्रश्न असतो: "जेवला का थोडं?"

उपचार लांबले की येणं-जाणं परवडत नाही, राहायची जागा लागते. गाडगे महाराजांच्या नावाची दादरची धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती या दोन जागा अनेकांना इथे पोचल्यावरच कळतात. तिथे खोली मिळाली तर रोजचा प्रवास काही मिनिटांवर येतो. नाही मिळाली तर टाटाच्या समोरचा फुटपाथ आहे, आणि तिथे राहणाऱ्यांची संख्या पाहिली की नाही मिळालेले किती, हे कळतं.

सगळ्यात जास्त खेपा येतात त्या रेडिएशनवाल्यांच्या वाट्याला. सोमवार ते शुक्रवार, कित्येक आठवडे. मशीनखाली पडून राहायचं ते थोडी मिनिटं, आणि बदलापूरहून येण्याजाण्यात मात्र चार तास. म्हणून वेळ ठरवताना तंत्रज्ञ "कधी येता?" असं विचारतो तेव्हा ही मंडळी तब्येतीचं काही बोलत नाहीत. "दुपारी द्या, साहेब. बाराची लोकल रिकामी असते, बसायला मिळतं."