परसातील कोंबड्यांस मानमोडीपासून वाचवा

लहान शेतकऱ्याच्या परसात एखादी दुभती म्हैस, दोन शेळ्या आणि आठ-दहा कोंबड्या असे चित्र आपणांस गावोगाव दिसते. म्हशीच्या दुधाचा हिशेब घरात सर्वांना ठाऊक असतो. शेळी अडीअडचणीच्या वेळी विकता येते, म्हणून तिचीही कदर होते. कोंबड्यांचा हिशेब मात्र कोणी मांडीत नाही. वस्तुतः आठवड्याच्या बाजाराचे तेल-मीठ, मुलांच्या वह्या आणि पाहुण्याचा पाहुणचार हे सर्व बहुधा कोंबड्यांवरच भागत असते. हा पैसा घरातील स्त्रीच्या हातचा असतो आणि त्यासाठी तिला कोणापुढे हात पसरावा लागत नाही. म्हणूनच एका आठवड्यात खुराडे रिकामे झाले, तर होणारी हानी केवळ आठ-दहा पक्ष्यांची नसते.

प्रस्तुत लेखक एकदा उन्हाळ्याच्या तोंडी एका वाडीवर गेला असता, एका आजीबाईंच्या अंगणात डालगे पालथे पडलेले दिसले. विचारता त्या म्हणाल्या, “साहेब, मर आली. चार दिवसांत अकरा गेल्या. आमच्याकडं दर दोन-तीन वर्सांनी येतीच.” ‘येतीच’ या शब्दात जी हताशता आहे, तिचेच निवारण करणे हा या लेखाचा हेतू आहे. ही मर अटळ नाही. तिचे कारण ठाऊक आहे, तिच्यावर लस आहे आणि ती लस स्वस्त आहे. तरीही ती परसातील कोंबडीपर्यंत पोहोचत नाही. असे का होते, ते पाहू.

रोगाची ओळख

खेड्यात ज्यास मर किंवा मानमोडी म्हणतात, तो बहुधा राणीखेत हा रोग असतो. १९२६ साली इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे तो आढळला आणि त्यानंतर लवकरच आपल्याकडे हिमालयातील राणीखेत येथे दिसून आला. त्यावरून त्यास हे नाव पडले. हा रोग विषाणूपासून होतो. रोगी पक्ष्याची विष्ठा, नाकातोंडातील स्राव, दूषित पाणी, खाद्य, टोपल्या, इतकेच नव्हे तर माणसाच्या पायतळी लागलेली घाण, यांतून तो पसरतो. बाजारातून आणलेला एखादा नवा कोंबडा ही त्याची नेहमीची वाट होय.

रोग जडलेला पक्षी सुस्त होऊन पिसे फुलवून बसतो. चोच उघडी ठेवून धापा टाकतो, हिरवट-पांढरी पातळ विष्ठा करतो. काहींचे पंख व पाय लुळे पडतात, मान पिळवटते. मानमोडी हे नाव त्यामुळेच पडले. कित्येकदा तर कोणतेही लक्षण दिसण्यापूर्वीच पक्षी मरून पडतो. एकदा रोग जडल्यावर त्यावर औषध नाही. हळद, कांदा, मिरी यांचे घरगुती उपाय किंवा दुकानातून आणलेल्या गोळ्या यांनी विषाणू मरत नाही. जो काही उपाय करावयाचा, तो रोग येण्यापूर्वीच केला पाहिजे.

लस केव्हा व कशी द्यावी

पिलू ५ ते ७ दिवसांचे झाले म्हणजे लासोटा या लसीचा एक थेंब त्याच्या डोळ्यात किंवा नाकपुडीत टाकावा. चौथ्या आठवड्याच्या सुमारास हीच लस पुन्हा द्यावी. ८ आठवडे पूर्ण झाल्यावर आर-२-बी ही लस टोचून घ्यावी. ही दुसरी लस अधिक जोरदार असल्याने ती लहान पिलांस कदापि देऊ नये. अंड्यावर असलेल्या कोंबडीस ती दिल्यास काही दिवस अंडी कमी होण्याचा संभव असतो. म्हणून तलंग अंड्यावर येण्यापूर्वीच हे काम उरकणे श्रेयस्कर. पुढील मात्रा केव्हा द्यावयाच्या, हे आपल्या भागातील पशुवैद्यकास विचारून ठरवावे.

येथे तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, लस आजारी पक्ष्यास देऊ नये. दुसरी, लस दिल्यापासून अंगी प्रतिकारशक्ती येण्यास एक-दोन आठवडे लागतात. शेजारी मर सुरू झाल्यावर धावाधाव करून फारसा उपयोग होत नाही. तिसरी, ही लस जिवंत असते आणि उष्णतेने ती निकामी होते. ती २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागते. दवाखान्यातून वाडीपर्यंत ती बर्फ घातलेल्या थर्मासातूनच आणावी. खिशात किंवा पिशवीत आणलेली लस म्हणजे नुसते पाणी समजावे. “लस टोचली, तरी कोंबड्या मेल्या,” अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते. तिच्या मुळाशी बहुधा हेच कारण असते.

एका कुपीचा हिशेब

आता मूळ अडचणीकडे वळू. लसीची कुपी १०-१२ मात्रांची मिळत नाही. ती बहुधा ५०, १०० किंवा त्याहून अधिक मात्रांची असते. द्रावणात मिसळल्यावर ती दोन तासांच्या आत संपवावी लागते, उरलेली ठेवता येत नाही. दहा कोंबड्या असलेल्या एकट्या घराने १०० मात्रांची कुपी आणली, तर ९० मात्रा फुकट जातात. म्हणून तो शेतकरी ती आणीतच नाही. शिवाय त्याने एकट्याने आणली, तरी शेजारच्या नऊ घरांतील कोंबड्या रोगास मोकळ्या राहतात आणि वाडीत रोगाचा वावर चालूच राहतो.

परंतु दहा घरांच्या वाडीने एकत्र येऊन एकच कुपी आणली, तर प्रत्येक घरच्या दहा पक्ष्यांस मात्रा मिळते, खर्च दहा ठिकाणी विभागला जातो आणि वाया काहीच जात नाही. म्हणजे एकट्याला जे परवडत नाही, ते वाडीला सहज परवडते. याकरिता पुढीलप्रमाणे व्यवस्था करावी.

महिन्यातून एक दिवस ठरवून टाकावा, म्हणजे तो सर्वांच्या लक्षात राहील. आदल्या आठवड्यात महिला बचत गटातील एखाद्या भगिनीने घरोघर पक्षी मोजून त्यांची वयाप्रमाणे नोंद करावी आणि ती पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावी. ठरल्या दिवशी कोंबड्या सकाळी खुराड्यातून सोडूच नयेत. एकदा त्या उकिरड्यावर पांगल्या की हाती लागत नाहीत. ऊन चढण्यापूर्वी, सावलीत, एका टोकाच्या घरापासून आरंभ करून दोन तासांच्या आत शेवटचे घर गाठावे. काम संपल्यावर कुपी व उरलेली लस उकळून किंवा जाळून खोल पुरावी. थेंब टाकण्याचे काम एखादी चुणचुणीत मुलगी पशुवैद्यकाकडून एका सकाळी शिकू शकते; टोचण्याचे काम मात्र जाणकारानेच करावे.

रोज पाळावयाची पथ्ये

लसीस स्वच्छतेची जोड हवी. बाजारातून आणलेला पक्षी दोन आठवडे वेगळा कोंडून ठेवावा व नंतरच इतरांत सोडावा. खुराडे जमिनीपासून उंच, हवेशीर आणि मुंगूस व रानमांजर शिरणार नाही असे असावे. ते दररोज झाडून त्यातील विष्ठा खताच्या खड्ड्यात टाकावी. शेळ्यांच्या चाऱ्यात व गव्हाणीत कोंबड्यांची विष्ठा पडू देऊ नये. पाण्याचे भांडे रोज घासावे. उकिरड्यावरील किडे वेचूनच कोंबडीचे पोट पुरते भरते असे नाही. सायंकाळी मूठभर कण्या, कोंडा किंवा भरडा घालावा, तसेच अंड्याचे कवच घट्ट व्हावे म्हणून शिंपल्यांचा चुरा ठेवावा. सायंकाळच्या दाण्याच्या ओढीने कोंबड्या आपणहून खुराड्यात येतात, हा त्याचा आणखी एक लाभ होय.

मर आलीच तर

अशा वेळी बहुतेक घरी एकच घाई होते, ती म्हणजे उरलेले पक्षी बाजारात नेऊन विकण्याची. तोटा सोसणाऱ्याची ती अडचण समजण्यासारखी आहे. तथापि त्या एका टोपलीतून रोग पुढच्या दहा गावांत पोहोचतो आणि त्याच बाजारातून तो पुन्हा आपल्याच दारी येतो. मेलेले पक्षी ओढ्यात, रस्त्यावर किंवा कुत्र्यांपुढे टाकू नयेत. खोल खड्ड्यात चुना घालून पुरावेत. त्यांना उघड्या हाताने शिवू नये आणि मुलांना जवळ येऊ देऊ नये.

अनेक घरांत एकाच वेळी पक्षी मरू लागले, तर ही मानमोडीच आहे असे धरून चालू नये. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लू हा रोग आढळला होता. त्याची लक्षणे पुष्कळशी अशीच असतात आणि तो माणसासही होऊ शकतो. दोहोंतील भेद केवळ प्रयोगशाळेत कळतो. म्हणून ताबडतोब पशुधन विकास अधिकाऱ्यास कळवावे. रोग लपविण्यात कोणाचेच हित नाही.

गाय, म्हैस आजारी पडली की आपण रात्री-अपरात्री पशुवैद्यकाकडे धाव घेतो. कोंबडीसाठी धावावे लागत नाही. महिन्यातून एक सकाळ आणि दहा घरांची एकजूट तिला पुरेशी आहे. येत्या बाजाराच्या दिवशी आपल्या वाडीतील कोंबड्यांची मोजदाद करण्याचे ठरवा, आणि ती घेऊन जवळच्या दवाखान्यात जा. पुढल्या उन्हाळ्यात आपल्या अंगणातील डालगे पालथे पडलेले दिसू नये, यासाठी आरंभ आताच केला पाहिजे.