सायकलबाग मागावी कशी?

बडोद्याची सयाजीबाग १८७९ साली, महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या कारकिर्दीत निर्माण झाली. त्या काळी बाग ही राजाने द्यावयाची आणि प्रजेने घ्यावयाची वस्तू होती. दात्याच्या मनात आले की बाग उभी राही. आज दाता बदलला आहे. बागा आणि क्रीडांगणे देण्याचे काम नगरपालिकांकडे व महानगरपालिकांकडे आले आहे आणि नागरिकांनी मागितल्यावाचून त्यांच्याकडून सहसा काही मिळत नाही. मागणे हीदेखील एक विद्याच आहे. श्रोतेहो, त्या विद्येचा विचार आज आपण एका नव्या मागणीच्या निमित्ताने करणार आहोत. ती मागणी म्हणजे मुलांसाठी व तरुणांसाठी सायकलबाग.

हा शब्द कानाला थोडा अनोळखी वाटेल. सायकलबाग म्हणजे रस्त्याच्या कडेने आखलेला सायकलींचा पट्टा नव्हे. तो पट्टा माणसाला घरून कचेरीत पोचविण्यासाठी असतो. सायकलबाग कोठेच पोचवीत नाही. पोहणाऱ्याला जसा तलाव, मल्लाला जसा आखाडा, तशी सायकलस्वाराला ही जागा. तीत मातीचे गोलसर उंचवटे असतात, बाहेरच्या बाजूने उचललेली वळणे असतात, तोल सांभाळून पार करावयाच्या अरुंद फळ्या असतात आणि अगदी लहानांसाठी सपाट, मऊ वाटा असतात.

या खेळाचा उगम साधाच आहे. १९७०च्या सुमारास अमेरिकेतील कॅलिफोर्नियात मुले मोटारसायकलींच्या शर्यती पाहून आपल्या सायकली घेऊन मोकळ्या माळावर जाऊ लागली आणि मातीच्या ढिगांवरून त्या उडवू लागली. पोरांचा हा उद्योग पुढे इतका वाढला, की बीएमएक्स या नावाने त्याची शर्यत २००८ साली बीजिंगच्या ऑलिंपिकमध्ये दाखल झाली.

सायकलबागेतील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयुक्त भाग म्हणजे उंचवट्यांची बंदिस्त फेरी. तिला पंपट्रॅक असे नाव आहे. या फेरीवर पायटे मारावे लागत नाहीत. झोपाळ्यावर उभा राहिलेला मुलगा गुडघे वाकवून व ताठ करून झोका चढवितो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. येथेही तोच न्याय लागू पडतो. उताराला लागताच स्वार हातापायांनी सायकल खाली दाबतो, चढ आला की अंग आखडून ती हलकी करतो. प्रत्येक उंचवट्यागणिक थोडी गती मिळते आणि फेरी चालू राहते. एकदोन टेनिसच्या मैदानांएवढ्या जागेत अशी फेरी बसू शकते. पाच वर्षांचे मूल आणि पन्नाशीचा गृहस्थ या दोघांनाही ती वापरता येते, आणि तोल, नजर व ब्रेक यांचा जो अभ्यास येथे घडतो, तोच पुढे रस्त्यावर जीव वाचवितो.

आता प्रश्न असा, की ही जागा मागावीच कशाला? मुले काय, कोठेही सायकल चालवितात! खरे आहे, पण ती कोठे चालवितात हे पाहिले पाहिजे. अमेरिकेत व इंग्लंडमध्ये अनेक गावी असे घडते, की मुले गावाबाहेरच्या झाडीत फावडी घेऊन जातात आणि कोणास न विचारता उंचवटे उभे करतात. कधीतरी अधिकाऱ्यांना सुगावा लागतो, यंत्र येते आणि आठवड्यांची मेहनत एका सकाळी सपाट होते. मुले दुसरी झाडी शोधतात. यात अधिकाऱ्यांचेही सर्वस्वी चुकते असे नाही, कारण ज्या उंचवट्याची कोणी तपासणी केलेली नाही, त्यावरून पडून कोणाची मान मोडली तर जाब त्यांनाच द्यावा लागतो. आपल्याकडे मुलांना अशी झाडीही उपलब्ध नाही. आपली मुले ट्रक, रिक्षा आणि मोटारसायकली यांच्या गर्दीत तोल शिकतात, किंवा सायकल शिकतच नाहीत. धोका दोन्हीकडे आहे. सायकलबाग धोका नाहीसा करीत नाही. ती त्याला मोजमाप, पायऱ्या आणि देखरेख देते.

अशी जागा एका शहराने कशी मिळविली, याचे एक बोलके उदाहरण अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातील सिअ‍ॅटल या शहरात आहे. १९६०च्या दशकात तेथे शहराच्या मधून एक उन्नत महामार्ग गेला आणि कॅपिटॉल हिल व ईस्टलेक या दोन शेजारी वस्त्यांची ताटातूट झाली. महामार्गाच्या खांबांखालची उतरती जमीन वर्षानुवर्षे ओसाड राहिली. अशा जागेत पुढे काय काय साचते, हे कोणत्याही मोठ्या शहराच्या रहिवाशाला वेगळे सांगावयास नको. पुढे याच जागेवर साडेसात एकरांचे उद्यान करण्याचे ठरले. ते २००५ साली खुले झाले. खांबांच्या रांगांवरून त्याला स्तंभावली या अर्थाचे ‘कॉलोनेड’ असे नाव मिळाले.

या उद्यानाच्या एका भागात सायकलींच्या वाटा आहेत आणि त्या नागरिकांनी बांधल्या आहेत. आज एव्हरग्रीन माउंटन बाइक अलायन्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सायकलस्वारांच्या संस्थेने आपले स्वयंसेवक तेथे उतरविले. त्यांनी दगड रचले, माती ओतली आणि लाकडी पूल ठोकले. सिअ‍ॅटल हे पावसाचे गाव. पण येथे महामार्गच छप्पर झाला आणि ऐन पावसाळी दिवसांतही वाट कोरडी राहू लागली. ज्या गोष्टीने वस्ती तोडली होती, तिच्याच छायेत वस्तीला खेळाची जागा मिळाली.

या उदाहरणात शिकण्यासारखे पुष्कळ आहे. प्रथम जागेची निवड पाहा. सायकलस्वारांना जी जागा मिळाली, ती दुसऱ्या कोणाच्या उपयोगाची नव्हती. तेथे गवत वाढत नाही, क्रिकेट खेळता येत नाही, वृद्धांना सावलीत बसावेसे वाटत नाही. जी मागणी दुसऱ्याच्या ताटातील घास काढून घेत नाही, तिला विरोधक कमी. याउलट असलेल्या बागेतील हिरवळ उकरून उंचवटे करा, असा अर्ज घेऊन कोणी गेले, तर पहिला विरोध त्या हिरवळीवर रोज फिरणाऱ्यांचा होईल आणि तो रास्तही असेल.

दुसरी गोष्ट श्रमाची. सिअ‍ॅटल शहराने १९८८ साली एक पद्धत सुरू केली. वस्तीतील लोकांनी एखाद्या सार्वजनिक कामासाठी पैसा, साहित्य किंवा श्रम दिले, तर त्याच्या तोडीस तोड रक्कम नगरपालिका आपल्या निधीतून देते. स्वयंसेवकाच्या एका तासाच्या कामालाही तेथे ठराविक दाम आहे आणि तो लोकवर्गणीत जमा धरला जातो. यामुळे अर्जदाराची भूमिकाच बदलते. तो याचक राहत नाही, भागीदार होतो. आपल्या पालिकेत अशी पद्धत असो वा नसो, अर्जात ‘आम्हांस द्या’ या शब्दांच्या जोडीला ‘आम्ही इतके देऊ’ हे शब्द आले, तर वाचणाऱ्या अधिकाऱ्याची बैठकच बदलते.

आता आपण क्षणभर त्या अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसू या. उद्यान विभागाच्या प्रमुखापुढे रोज अनेक कागद येतात. कोठे नळ फुटलेला असतो, कोठे झाड पडलेले असते, कोठे माळी कमी असतो. अशा माणसापुढे सायकलबागेचा अर्ज आला, की त्याच्या मनात पाच प्रश्न उभे राहतात, आणि ज्या अर्जात त्यांची उत्तरे नसतात तो कागद अभिप्रायासाठी दुसरीकडे रवाना होतो. मग तो परत येत नाही.

पहिला प्रश्न: ही कोणाला हवी आहे? ‘समस्त नागरिकांची इच्छा’ हे उत्तर निरुपयोगी आहे. वस्तीतील शाळांतून फिरून, किती मुले सायकल चालवितात, कोणत्या वयाची आहेत, आज कोठे चालवितात याची साधी मोजणी करावी आणि ती अर्जाला जोडावी. वीस मुलांची खरी गणना ही दोन हजार सह्यांपेक्षा अधिक बोलते.

दुसरा प्रश्न: जमीन कोणाची? उड्डाणपुलाखालची जागा पालिकेचीच असते असे नाही. सिअ‍ॅटलचे उद्यान शहराचे, पण वरचा महामार्ग राज्याच्या परिवहन खात्याचा आहे. आपल्याकडेही एखादा तुकडा सार्वजनिक बांधकाम खात्याचा, एखादा रेल्वेचा निघतो. मालक कोण हे ठाऊक नसेल, तर २००५च्या माहिती अधिकार कायद्याखाली ते विचारता येते. जागा एकच न सुचविता दोनतीन सुचवाव्या आणि प्रत्येकीचे गुणदोष प्रामाणिकपणे लिहावे.

तिसरा प्रश्न: कोणी पडले तर? हा प्रश्न टाळू नये. अमेरिकेत विनामूल्य खेळासाठी जमीन खुली करणाऱ्या मालकाची जबाबदारी मर्यादित करणारे कायदे सर्व राज्यांत आहेत. वॉशिंग्टन राज्यात असा कायदा १९६७ पासून आहे. आपल्याकडे काय करता येईल, ते पालिकेच्या विधी सल्लागाराला आरंभीच विचारावे. बांधणीतही उत्तर आहे. बर्फावरील घसरणीच्या खेळात वाटांना हिरवी, निळी व काळी अशी चिन्हे देऊन त्यांची कठीणता सांगतात. सायकलींच्या वाटांनी तीच रीत उचलली आहे. नवख्याला हिरवी वाट, मुरलेल्याला काळी. सोपी वाट प्रवेशद्वाराजवळ आणि कठीण वाट आत ठेवावी, म्हणजे लहान मूल चुकून तेथे पोचत नाही.

चौथा प्रश्न: देखभाल कोण करणार? मातीची वाट ही शेताच्या बांधासारखी असते. एका पावसात तिला घळी पडतात. आपल्या पावसाळ्यात तर पाण्याचा निचरा हाच सर्वांत मोठा खर्च समजावा. छपराखाली उलट अडचण होते. पाऊस न लागल्याने मातीची धूळ होते आणि पाणी मारावे लागते. डांबरी पंपट्रॅकला प्रथम पैसा अधिक लागतो, पण पुढची कटकट कमी. यांपैकी काय झेपेल हे ठरवून, महिन्यातून कोणत्या दिवशी किती माणसे फावडी घेऊन येतील, हे संस्थेच्या नावाने लेखी द्यावे. दिलेला शब्द पहिल्या पावसाळ्यात पाळला, म्हणजे दुसरी मागणी करण्याचा अधिकार प्राप्त होतो.

पाचवा प्रश्न: पैसा कोठून? याचे अर्धे उत्तर पंचांगात आहे. आपल्या पालिकांचे आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते. मार्चमध्ये आलेला चांगला अर्जही वर्षभर पडून राहतो, कारण तोवर पैशांची वाटणी झालेली असते. दसरा-दिवाळीच्या सुमारास नकाशा आणि खर्चाचा अंदाज हाती असावा. मागणी टप्प्याटप्प्याची असावी: प्रथम एक लहान फेरी, ती नीट चालली तर पुढची. कोलोरॅडो राज्यातील बोल्डर शहरात सुमारे चाळीस एकरांची सायकलबाग २०११ साली खुली झाली, आणि २०१४ साली तेथे राष्ट्रीय पातळीच्या शर्यती झाल्या. पण चाळीस एकरांचे चित्र घेऊन आपण पहिल्याच दिवशी गेलो, तर अधिकारी हसून चहा पाजील आणि निरोप देईल.

आणि कायद्याचे काय? येथे आपली बाजू लंगडी नाही. घटनेची ७४वी दुरुस्ती १९९२ साली झाली व १ जून १९९३ पासून अमलात आली. तिने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांकडे सोपवावयाचे अठरा विषय आहेत, आणि त्यांत उद्याने, बगीचे व क्रीडांगणे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. तीन लाख किंवा अधिक वस्तीच्या शहरांत प्रभाग समित्यांची तरतूदही त्याच दुरुस्तीने केली. इंदूर असो, ग्वाल्हेर असो, बडोदे असो वा बेळगाव असो, अर्ज कोणत्या भाषेत लिहावयाचा हे स्थळपरत्वे ठरेल. पण तो कोणापुढे मांडावयाचा याविषयी संदिग्धता नाही.

एक सूचना मात्र कायद्यात सापडणार नाही. अर्ज कचेरीत देण्यापूर्वी तो ज्यांना रुचणार नाही अशांच्या घरी न्यावा. जागेला लागून राहणारे रहिवासी, सकाळी फिरणारे वृद्ध, शेजारचा दुकानदार यांच्या हरकती आधी ऐकाव्या. कोणाला गोंगाटाची भीती असेल, कोणाला रात्रीच्या टोळक्यांची. वेळेचे बंधन, दिव्यांची सोय, कुंपण यांपैकी जे मान्य करणे योग्य वाटेल ते नकाशात घालावे. सभेच्या दिवशी हीच माणसे विरोधी बाकावर न दिसता आपल्या शेजारी बसलेली दिसली, तर अधिकाऱ्याचे निम्मे काम हलके होते.

त्या सभेत मुलांनाही बोलू द्यावे. ती मोडके बोलतील, अडखळतील. पण आपण कोठे सायकल चालवितो आणि तेथे काय घडते, हे त्यांच्याइतके नेमके कोणी सांगू शकणार नाही. अधिकारी दरदोन वर्षांनी बदलतात, नगरसेवक निवडणुकीने बदलतात. नकाशा, मोजणी, हरकती आणि दिलेली आश्वासने यांची एक जाड वही ठेवावी व ती एका हातून दुसऱ्या हाती जात राहावी. पहिल्या अर्जाला नकार आला, तर नकाराचे कारण त्याच वहीत लिहावे आणि पुढच्या दसऱ्याला त्या कारणाच्या उत्तरापासूनच नव्या अर्जाला आरंभ करावा.