धावपट्टीच धावते तेव्हा

उलव्याची टेकडी कापली, नदीचा प्रवाह वळवला, पाणथळ जमिनीत भराव घातला, तेव्हा कुठे नवी मुंबईच्या विमानतळाला 3,700 मीटरची धावपट्टी मिळाली. आता कोचीच्या गोदीत बांधलेली आणि 2 सप्टेंबर 2022 रोजी नौदलात दाखल झालेली ‘आयएनएस विक्रांत’ बघा. तिची लांबी 262 मीटर. अख्ख्या जहाजाची! अशी चौदा जहाजं एकापुढे एक लावावीत तेव्हा आपली धावपट्टी भरायची. तरी तिच्यावरून मिग-29के सारखी लढाऊ विमानं उडतात आणि तिच्यावरच उतरतात. कशी?

पहिली युक्ती संक्रांतीला गच्चीवर चढणाऱ्या कुठल्याही पोराला ठाऊक आहे. पतंग उचलायचा तर वाऱ्याकडे तोंड करून पळायचं. विमान उडायच्या वेळी चाळीस हजारांहून अधिक टनांचं हे धूड वाऱ्याकडे तोंड वळवतं आणि वेग घेतं. कमाल वेग 28 नॉट, म्हणजे ताशी सुमारे 52 किलोमीटर. त्यात समोरून ताशी 25 चा वारा असला, तर विमानाचं चाक तसूभरही हललेलं नसताना त्याच्या पंखांवरून ताशी 77 किलोमीटरचा वारा वाहत असतो! पंखांना जमिनीशी काय देणंघेणं? त्यांना कळतो फक्त वारा.

पण एवढ्यानं भागत नाही. डेकमधून अडसर वर येतात आणि चाकं रोखून धरतात. इंजिन पूर्ण ताकदीनं गरजू लागतं. बैलगाडा शर्यतीत झेंडा पडायच्या आधी बैल कसे आवरून धरलेले असतात, तसं. मग अडसर खाली, विमान सुसाट, आणि समोर डेकचं वर वळलेलं टोक: 14 अंशांची चढण. गंमत पुढेच आहे. कडा सुटते तेव्हा विमानाला नीट उडण्याइतका वेग आलेलाच नसतो! गलोलीतल्या दगडासारखं ते वर भिरकावलं जातं, आणि तो झोक ओसरून खाली येण्याआधी इंजिन उरलेला वेग भरून काढतं. चढणीनं विमानाला खरं तर वेळ मिळतो, तोही जेमतेम काही सेकंद. (1961 साली आलेल्या जुन्या विक्रांतवर विमान भिरकावण्याचं काम वाफेवर चालणारी गोफण करायची. ते जहाज 2014 मध्ये भंगारात गेलं आणि त्याचं पोलाद पुढे बजाजच्या मोटारसायकलीत उतरलं!)

उतरणं मात्र मला उडण्याहून अचाट वाटतं. डेकवर आडवे पोलादी दोर ताणलेले असतात. विमानाच्या शेपटीखालच्या हूकनं त्यातला एक पकडायचा. डेकखालची यंत्रणा तो दोर रोखत-रोखत ढिला सोडत विमानाचा सगळा जोर गिळते. ताशी सुमारे 240 किलोमीटरवरून शून्य, साधारण 90 मीटरमध्ये! आणि चाकं टेकताक्षणी वैमानिक काय करतो? ब्रेक दाबतो? छे! इंजिन पूर्ण ताकदीनं सोडतो. हूक चुकलाच तर पुढे समुद्र आहे. पुन्हा उडायला वेग हवा.

हे शिकायचं कुठे? गोव्यात. दाबोळीला नौदलाच्या ‘आयएनएस हंसा’ तळावर जमिनीवरच अशी चढण आणि असे दोर उभारले आहेत. समुद्राशिवायचं जहाजच म्हणा ना! नौदलासाठी घडवलेलं तेजस हे लढाऊ विमान आधी तिथे तालीम करून आलं. मग 11 जानेवारी 2020 रोजी कमोडोर जयदीप मावळणकरांनी ते नौदलाच्या दुसऱ्या विमानवाहू जहाजाच्या, ‘आयएनएस विक्रमादित्य’च्या डेकवर उतरवलं.

पुढच्या वेळी उलव्याला विमानानं उतराल, तेव्हा चाकं टेकताच मनात आकडे मोजा. तुम्ही तीन म्हणायच्या आत मावळणकरांचं विमान थांबलेलं होतं.