पहिल्यांदाच स्कीइंगला निघालात? मग विकत नको, भाड्याने घ्या!

थंडी सुरू झाली की कॉलेजच्या ग्रुपवर गुलमर्ग, औली, सोलंगचे रील्स फिरायला लागतात. त्यातच एखादा मेसेज येतो, 'स्कीचा सेट विकणे आहे, बुटांसकट, एकच सीझन वापरलेला.' भाव बघून मोह होतो. दर वेळी भाडं कशाला भरायचं, एकदाच घेऊन टाकू! सेकंडहँड पुस्तकं, सेकंडहँड सायकल, सेकंडहँड लॅपटॉप यांवर शिक्षण काढणाऱ्या आपल्याला हे लगेच पटतं. पण पहिल्यांदाच बर्फावर उतरणार असाल, तर इथे हा हिशोब चुकतो. आणि त्याचा फटका खिशाबरोबर पायालाही बसू शकतो.

खरी गोम बाइंडिंगमध्ये

स्की म्हटलं की पायाखालची लांब पट्टी डोळ्यांसमोर येते. पण तुमचा पाय सांभाळतं ते बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारा खटका. पडताना स्की एकीकडे आणि शरीर दुसरीकडे वळलं, की हा खटका सुटायला हवा. नाही सुटला, तर ती लांब पट्टी तरफेसारखी पाय पिळते. फार सैल असेल, तर भर वेगात उगाचच सुटतो आणि माणूस तोंडावर आपटतो.

किती जोर आल्यावर खटका सुटावा, याचा एक आकडा असतो. त्याला 'डिन' म्हणतात. तुमचं वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि स्कीइंगमधली तयारी यांवरून तो ठरतो. म्हणजे सेकंडहँड सेट हा दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा झाला. नंबर बदलून मिळतो, पण त्यासाठी जाणकार लागतो, आणि तो पुण्या-मुंबईत सहज सापडत नाही. यूट्यूब बघून स्क्रू-ड्रायव्हर फिरवायचं हे काम नाही.

बुटांचंही तसंच. वर्षानुवर्षं पडून राहिलेलं प्लॅस्टिक ठिसूळ होतं आणि ते वरून कळत नाही. शिवाय मुंबईच्या दमट हवेत पलंगाखाली ठेवलेल्या स्कीच्या पोलादी कडांना गंज धरतो, तो वेगळाच.

जरा बेरीज-वजाबाकी

हिशोबापुरतं समजा, सेट १५ हजारांना मिळतोय आणि भाडं दिवसाला १ हजार आहे. म्हणजे १५ दिवस बर्फावर काढल्यावर पैसे वसूल. आपण वर्षातून एकदा जाणार, तेही आठवडाभर! त्यात ती लांबलचक बॅग ट्रेनमधून, विमानातून न्यायची.

बरं, बर्फ पडेलच याचीही खात्री नाही. २०२४च्या जानेवारीत गुलमर्गचे उतार महिन्याच्या अखेरीपर्यंत जवळपास कोरडे होते. २०२५ साली तर बर्फ कमी म्हणून तिथले खेलो इंडिया हिवाळी खेळ फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलावे लागले. ट्रिप रद्द झाली तर भाडं वाचतं, पण विकत घेतलेली स्की घरात पडून राहते.

शिवाय नवशिक्याला साधारण हनुवटी ते नाकापर्यंत येणारी छोटी स्की आणि मऊ बूट लागतात. वळणं जमायला लागली की हेच साहित्य अपुरं वाटतं. भाड्याच्या दुकानात ते बदलून मिळतं. कोर्स करणार असाल तर आधी चौकशी करा. बऱ्याच कोर्सच्या फीमध्ये साहित्य धरलेलं असतं.

काउंटरवर लाजू नका

वजन खरं सांगा. दोन-चार किलो चोरलेत तर खटक्याचा आकडा चुकेल. 'थोडंफार येतं' अशी फुशारकीही नको. आकडा तुमच्यासमोर लावून घ्या.

बूट एकाच मोज्यावर घालून बघा. ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे हलकीच टेकली पाहिजेत, गुडघे वाकवल्यावर किंचित मागे आली पाहिजेत आणि टाच उचलली जाता कामा नये. ढगळ बूट आरामदायक वाटतो, पण त्यात स्की ऐकत नाही. स्कीच्या कडा तुटलेल्या नाहीत ना, ब्रेक खाली पडतोय ना, तेही बघा. शंका आली तर सरळ दुसरा जोड मागा.

मग विकत काय घ्यायचं?

पातळ लोकरी मोजे, वॉटरप्रूफ हातमोजे, आतले थर्मल्स आणि गॉगल. हे ट्रेकलाही उपयोगी पडतं. जॅकेट-पँट मित्राची किंवा ताईची मागून चालेल. हेल्मेट मात्र वापरलेलं विकत घेऊ नका. एकदा जोराचा मार बसला की त्याचा आतला थर निकामी होतो आणि त्याला किती मार बसलाय, हे विकणारा सांगेलच असं नाही.

दोन-तीन सीझन झाले, आवड टिकली, दर वर्षी जाणार हे पक्कं झालं, की मग खरेदीचा विचार करा. तेव्हाही आधी बूट घ्या, पायात घालून, नीट मापाचे. स्की पुढची काही वर्षं भाड्याची असली तरी काही बिघडत नाही.